बोराडे सरांचा फटका

लिंबू आणि मिरची आमच्या घरात फक्त पोह्यांसाठी येते. बाबा डोंबिवलीत केमिस्ट्री शिकवायचे, आई अमावस्येला मुद्दाम खरेदीला जायची आणि मी स्वतः सर्जन. त्यामुळे या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहासोबत टाइमपास म्हणून वाचत आलेय. आज मीच लिहायला बसलेय... ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या.

आधी थोडं मागचं सांगते. ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये मी एमएसला, म्हणजे सर्जरी शिकायला लागले. पहिलं वर्ष संपतंय न संपतंय तोच कोविड आला. नेहमीची ऑपरेशनं जवळपास बंद. हाडं, कान, डोळे, कातडी — कुठल्याही विभागाचे असोत, सगळे रेसिडेंट कोविड वॉर्डात. मी काय शिकले? पेशंटला पालथं कसं झोपवायचं, पीपीई घालून लघवी कशी रोखायची आणि फोनवर "तुमचे वडील गेले" हे किती हळू सांगायचं. लोकांनी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या आणि नौपाड्यातल्या माझ्या घरमालकीणबाईंनी त्याच आठवड्यात "अगं, वाईट वाटून घेऊ नकोस, पण..." म्हणत खोली रिकामी करायला लावली. परीक्षा मात्र झाली, आणि आम्ही पासही झालो. पाण्यात न उतरता पोहण्याचं सर्टिफिकेट!

बोराडे सर आमचे सीनियर, मूळ परभणीचे. पहिल्या वर्षी थिएटरात मला खरं शिकवलं ते त्यांनी. त्यांची एक सवय होती. ज्युनियरचा हात चुकीच्या जागी गेला की ते बोलत बसायचे नाहीत. हातातल्या स्टीलच्या चिमट्याने बोटाच्या पेरावर टक्कन हाणायचे. डोळ्यांत पाणी यायचं. वर म्हणायचे, "तोंडानं सांगितलेलं विसरतीस तू. हाडानं ऐकलेलं कोणी विसरत नाही."

कोविड वॉर्डात भेटले की म्हणायचे, "हे एकदा आवरू दे गं, तुझं पहिलं अपेंडिक्स माझ्यासमोर." दुसऱ्या लाटेत ते स्वतःच गेले. ताप अंगावर काढून ड्युट्या करत राहिले, कारण सुट्टी मागितली की "सगळेच दमलेत" हे उत्तर ठरलेलं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना... आमच्याकडे गरज सरायचीसुद्धा वाट पाहिली नाही कोणी.

पास झाल्यावर मी टिटवाळ्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात नोकरीला लागले. एका रविवारी दुपारी खर्डीकडची एक पोरगी आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पोटात उजवीकडे दुखणं, अंगात ताप. अपेंडिक्स, आणि तेही फुटायच्या बेतात. आमचे मोठे सर विठ्ठलवाडीला दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. मी फोन केला.

"सर, मी एकटीने कधी केलं नाहीये."

"अगं, एमएस आहेस ना तू? मग घे उघडून! माझी वाट बघत बसलीस तर फुटेल ते."

उघडलं. थिएटरात मी, समोर मदतीला अनिता सिस्टर आणि डोक्याशी भूल देणारे डॉक्टर. आत सगळं सुजून एकमेकांना चिकटलेलं, पू झालेला. मी बोटाने चाचपून एक लाल, जाड नळी वर ओढली. हेच ते, असं वाटलं. बांधायला धागा घेतला...

टक्!

उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर. कळवळून हात मागे आला. सिस्टरांचे दोन्ही हात तर जखम उघडी धरण्यात गुंतलेले. त्याच मला विचारत होत्या, "मॅडम, काय वाजलं हो?"

भूल देणारे डॉक्टर मान वर करून म्हणाले, "काय पाडलंत?"

काहीच पडलं नव्हतं.

मी परत आत बघितलं. चीर थोडी वाढवली, ती नळी कुठून येतेय ते शोधत गेले. ते अपेंडिक्स नव्हतं. ती त्या पोरीची गर्भनलिका होती, पुवात सुजलेली. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे लपलेलं. मी तिची नलिका कापून, खरं दुखणं आत तसंच ठेवून पोट शिवलं असतं.

मग जे काढायचं तेच काढलं. ग्लोव्ह उतरवला, तो शाबूत होता. पेर मात्र काळंनिळं झालेलं. सिस्टरांनी ते पाहिलं आणि बर्फ आणून दिला. बाहेर पोरीच्या सासूने माझा तोच हात धरला. "बाय, तुज्या हाताला यश हाय गं!" दुखत होतं म्हणून नाही, लाज वाटली म्हणून मी तो सोडवून घेतला.

माझी मैत्रीण सायकिअट्रिस्ट आहे. ती म्हणते, ताणात मेंदू जुनी आठवण उकरून काढतो. मान्य. पण माझी आठवण आणखी दोघांना ऐकू कशी आली? आठवणीने पेर काळंनिळं होतं?

भीती मात्र वाटत नाही, राग येतो. मेलेल्या माणसाला येऊन शिकवावं लागलं, कारण जिवंत होते त्यांनी आम्हाला नुसतं वापरून घेतलं. मला निदान बोराडे सर होते. माझ्या बॅचमधले बाकीचे आत्ता कुठल्या कुठल्या गावात, एकटेच, कोणाचं तरी पोट उघडून उभे असतील. त्यांना कोण थांबवतंय?