सोमवारी कोणी आलं नव्हतं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा ह्या गोष्टीपाशी आले, की मी डोळे उघडते आणि उठते.

तू कोण आहेस मला माहीत नाही. कोणीतरी समोर बसलंय असं धरून लिहिते — नाहीतर हात चालत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. इथे परदेशात, फ्लॅट बुशच्या ह्या मोठ्या घरातून सकाळी गाड्या बाहेर पडल्या, की मी जेवणाच्या टेबलाशी बसते, चार ओळी लिहिते आणि कागद फाडून टाकते. आज फाडायचा नाही.

आधी ह्यांच्याबद्दल सांगते. हे म्हणजे माझे यजमान, महेशचे वडील. गावाकडे बाजाराच्या तोंडाला आमचं पत्र्याचं दुकान होतं. हे बूट शिवायचे — पोलिसांचे, मास्तरांचे — आणि ऊस तोडणाऱ्यांच्या जाड वहाणा. चांभार. बघ, हा एक शब्द लिहायला केवढा वेळ लागला मला. पेन टेकवून बसले होते.

ह्यांची माप घ्यायची एक रीत होती. फूटपट्टी नाही, आकडा नाही. गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचे, कागदाची एक पट्टी पायाभोवती फिरवायचे आणि जिथे पाय रुंद, जिथे उंच, तिथे नखाने बारीक चीर पाडायचे. ती चिरा पाडलेली पट्टी हातात धरली, की त्यांना तो पाय दिसायचा. माणूस विसरायचे, पाय विसरायचे नाहीत.

आणि आणखी एक सांगायला हवं, कारण पुढे ते लागणार आहे. हे तरुण होते तेव्हा गावच्या चहाच्या हॉटेलात ह्यांचा कप वेगळा असायचा. बाहेर वळचणीला, उपडा. स्वतः घ्यायचा, प्यायचा, विसळून पुन्हा उपडा ठेवायचा. पुढे ते बंद झालं. महेशने तर पाहिलंही नाही. पण ज्याने तो कप विसळला, त्याचं बंद होतं का?

महेश शिकला, फार्मासिस्ट झाला, इथे आला, मग आम्हाला आणलं. हत्यारं पुतण्याला देऊन हे आले. इथे ह्यांना काम नव्हतं. गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि मांडीवर रिकामे हात ठेवायचे. नात शाळेतून आली की म्हणायची, "हाय आबा, यू ओके?" हे म्हणायचे, "ओके, ओके," आणि तिच्या बुटांकडे बघायचे. तिचे बूट टाचेला कुठे झिजतात ते मला सांगायचे.

आणि मी? मला इथे मैत्रिणी मिळाल्या. संध्याकाळी बागेच्या बाकावर मराठी आज्या जमायच्या. सगळ्या पुण्या-मुंबईच्या, शिकलेल्या. मी कोपऱ्यात बसायचे. बोलले तर चुकेल म्हणून फक्त हसायचे. त्यांच्यात नलूताई म्हणून होत्या. त्यांनी पहिल्यांदा बाकावर हात आपटून म्हटलं, "वहिनी, तिकडे काय कडेला, इकडे मध्ये बसा!" मध्ये बसा — असं मला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचे मिस्टर कशात होते?" मी म्हटलं, हेडक्लार्क होते. सरकारी.

असं तोंडातून निघालं. पण कबुली ही नाही. एवढंच असतं तर मी कागद फाडले नसते.

एका शनिवारी महेशच्या डोंगर चढायच्या बुटांचा तळ सुटला, म्हणून तो ह्यांना घेऊन पेनरोजला गेला. कारखान्यांच्या मधल्या एका गल्लीत एक गोरा म्हातारा बूट दुरुस्त करायचा, अजून हाताने शिवायचाही. लेन त्याचं नाव. महेशने नंतर सांगितलं — बाबा दारात थांबलेच नाहीत, सरळ काउंटरच्या आत. त्याची रापी उचलली, बोटाने धार बघितली आणि मान हलवली. महेश घाबरला.  लेनने समोरचं स्टूल पुढे ढकललं, एक बूट दिला आणि मेण लावलेला दोरा दिला. हे बसले. आरीने भोक, एकाच भोकातून दोन्ही टोकं, मग दोन्ही हात पसरून ताण. लेनही तसाच हात पसरून ओढायचा. महेश म्हणाला, "आई, दोघं समोरासमोर बसून पंख पसरल्यासारखे दिसत होते गं!"

हे घरी आले ते बोलतच. मला स्वयंपाकघरात गाठलं. किती वर्षांनी असे आले होते. लेनने सांगितलेलं महेशने त्यांना मराठीतून समजावलं होतं. लेनच्या भिंतीवर त्याच्या पणजोबाचा फोटो होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातला. पोटावर चामड्याचा एप्रन, मागे दुकान. तो शेतावरच्या मजुरांचे बूट करायचा, तळाला खिळे ठोकलेले, चिखलात टिकणारे. हत्यारांची पिशवी घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचा आणि सबंध घराचे बूट तिथेच बसून करून द्यायचा. मजूर पैसे द्यायचे ते सुगी झाल्यावर.

"आपल्यावानीच की गं," हे म्हणाले. "सुगीला." मग आवाज खाली आणून, कोणी ऐकेल असा — "आन् काय म्हनला म्हाईत हाय का? गावची मानसं त्याच्या दुकानात येऊन बसायची. ह्यो शिवायचा, एक जन पेपर वाचायचा, बाकीची ऐकायची. दुकानात! आत!"

"बरं," मी म्हटलं. भाकरी तव्यावर होती.

"आन् त्यो उठून हुबा ऱ्हायला गं, मी निघालो तवा. हात मिळवला. मेट म्हनला मला. म्हंजी दोस्त."

लेनचे हात थरथरायला लागले होते. शिकायला कोणी नव्हतं. त्याने महेशला सांगितलं होतं, तुझ्या वडिलांना सोमवारी घ्यायला मी स्वतः येतो, आवडलं तर रोज येऊ देत. बुटांसाठी पत्ता दिलेलाच होता.

त्या रविवारी बाकावर नलूताई म्हणाल्या, "पेनरोजला एक म्हातारा आहे, बूट काय सुरेख करतो! आमच्या मुलाचे तिकडेच टाकलेत. पुढच्या आठवड्यात आणायचेत. चला वहिनी, गाडीतून चक्कर मारून येऊ."

 मला दिसलं — नलूताई दारात, आणि आत हे, पोटाला एप्रन, मांडीवर कोणाचा तरी बूट. आणि मग बाकावरची माझी जागा.

तेवढ्यासाठी. तुला वाटेल काहीतरी मोठं असेल. नाही. एका बाकाच्या मधल्या जागेसाठी.

सोमवारी हे पहाटेच उठले. दाढी केली, मला शर्टाला इस्त्री करायला लावली, स्वतःच्या बुटांना पॉलिश केलं आणि खिडकीत बसले. ते खिडकीत होते, आणि मी सिंकपाशी होते. लेन यायची वेळ होत आली. मी फ्रिजमधून दुधाची बाटली काढली — भरलेली — आणि सिंकमध्ये ओतली. नळ सोडून ठेवला, आवाज येऊ नये म्हणून. मग बाहेर येऊन म्हटलं, अहो, दूध संपलंय, डेअरीतून घेऊन या. तो आला तर चहा काय देऊ?

ते लगेच उठले. चहा द्यायचा म्हटल्यावर उठणारच. दारातून वळून म्हणाले, "आला तर थांबव त्याला. आत बसव. आत."

लेन आला. मी दार अर्धं उघडलं. "किया ओरा," म्हणाला — इथे नमस्काराला तसं म्हणतात — आणि हसला. मला इंग्लिश येत नाही, पण जेवढं लागत होतं तेवढं आलं बघ. म्हटलं, हजबंड नो. नो वर्क. ही नो लाइक. आणि हाताने — हाताने केलं मी असं, माशी हाकलतात तसं.

त्याचं हसू गेलं. सॉरी म्हणाला. त्याने का म्हणावं? काखेत गुंडाळी होती, ती पुढे केली. चामड्याचा एप्रन होता, जुना, मऊ झालेला, पोटापाशी काळा पडलेला. "फॉर हिम," म्हणाला. "एनी टाइम." मी घेतला. तोही घेतला मी. त्याची गाडी एका कोपऱ्यावरून वळली आणि दुसऱ्या कोपऱ्यावरून हे आले, दुधाची बाटली छातीशी धरून, जवळजवळ धावत.

"आला व्हता?"

कोणी आलं नाही, मी म्हटलं.

संध्याकाळी महेशला सांगितलं, बाबांनाच नको वाटलं, त्यांच्यापाशी विषय काढू नकोस, त्यांना लाज वाटेल. त्याने माझ्याकडे पाहिलं. तोही लोकांना 'बाबांचा लेदरचा बिझनेस होता' असंच सांगायचा. त्याने विषय काढला नाही. मी तेही ओळखून होते.

मंगळवारी हे पुन्हा दाढी करून बसले. बुधवारीही. त्या आठवड्यात कधीतरी बुटांची लेस सोडताना म्हणाले, "त्याला कळलं असंल."

"काय?"

"आपन कोन त्ये."

मी म्हटलं, इथं कसं कळेल?

"आपल्याकडच्याच कुनीतरी सांगितलं असंल. जात्यात की लोकं तिथं." मग हातांकडे बघत, "हत्यारांना हात लावला न्हवं मी त्याच्या. पनजोबाच्या."

तेव्हा. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. तो आला होता, मी हाकलला. एवढंच. रागावले असते, कदाचित माझ्याशी बोलले नसते, पण पेनरोजला गेले असते. ज्या माणसाने त्यांना उठून हात दिला त्याच्याकडे गेले असते. मी समोर उभी होते. त्यांचे बूट उचलले आणि कोपऱ्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी लावताना पाहिलं. सगळ्यांचे कप कपाटात आणि एक कप गॅरेजच्या दाराबाहेर, पायरीवर. विसळलेला. उपडा.

मी तो उचलून कपाटात ठेवला. संध्याकाळी पुन्हा पायरीवर. सुनेला वाटलं, सासऱ्यांना बाहेर चहा प्यायला आवडतं. तिने त्यांच्यासाठी तिथे एक छोटं टेबल आणून ठेवलं! ते तिला "थँक्यू" म्हणाले. मग घरी पाहुणे आले की ते गॅरेजमध्येच बसायला लागले. नातीच्या बुटांकडे बघायचं थांबलं. पायात जँडल, इथल्या रबरी चपला, घालून दिवसभर बसायचे, कातड्याचं काही घालेनातच. मी हे सगळं रोज पाहिलं. पावसात तो कप भिजायचा. मी आत आणायचे, ते बाहेर न्यायचे.  आणि बाकावर मी मध्ये बसत होते.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. एप्रन माझ्या बॅगेत आहे, साड्यांच्या खाली. साड्यांना वास लागलाय. शेवटी त्यांच्या अंगावर घालावा असं मनात आलं होतं. घातला नाही. महेशने विचारलं असतं, हा कुठला?

एक राहिलं. तेच लिहायला बसले होते.

हॉस्पिटलमध्ये एक नर्स, इथलीच, ह्यांच्या पायांना मोजे घालत होती. तिने पाय मांडीवर घेतला, जसा हे घ्यायचे तसा. ह्यांनी पाय ओढून घेतला. अंगात जोर नव्हता तरी ओढला. "तिला सांग, नगं," म्हणाले. ती गेली. मग माझ्याकडे वळले. राग नव्हता, नुसतं विचारत होते.

"त्या म्हाताऱ्याला कुनी सांगितलं असंल गं?"

माझा हात त्यांच्या हातात होता.

मी म्हटलं, मला काय ठावं. निजा आता.