आबांचा गीझर

जळोचीत आमच्या शेजारच्या आबांचा गीझर इतका जुना होता, की त्यातून पाणी कमी आणि गंज जास्त यायचा. बोअरच्या पाण्यानं आत असा क्षार धरला होता, की तेवढ्यात सणसरपर्यंतच्या रस्त्याला खडी पुरली असती. नळाला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या! "बदला आता," मी म्हणायचो. आबा टाकीवर टिचकी मारून कान लावायचे. "अजून जीव हाय त्यात. आन् एवढा करंट सांध्याला चांगला असतोय."

मग आबांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची ठरली. त्याच दिवशी आबांनी गीझर भंगारात घातला, बारामतीहून नवा आणून बसवला आणि अर्थिंगही नव्यानं करून घेतलं.

लेक आली, चहा घेऊन आंघोळीला निघाली. मी तिथंच बसलो होतो. आबा न्हाणीच्या दारात आडवे आले.

"थांब. आधी मी करतो."

"अहो, सकाळी झालीय की तुमची! आन् नवा हाय त्यो," आबांची बायको ओरडली.

"नवा हाय म्हणूनच. ह्याचा स्वभाव मला अजून ठाव न्हाय."

भर दुपारी दुसरी आंघोळ करून, निथळत आबा बाहेर आले. दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघितले.

"जा बाई आता," ते म्हणाले. "काय होत न्हाय."