मावशीची गोडंबी

गोडंबीवाली मावशी कुणाला हात लावत नसे. बावीस हिवाळे ती आमच्या घरी आली, पण आईच्या हातातला कप तिनं कधी सरळ घेतला नाही. कप खाली ठेवायचा, मग ती उचलायची. बसायची पायरीवर, स्वतःच्या पोत्यावर. बोटं काळी पडलेली, भुवया विरळ, पापण्यांचे केस जवळजवळ गेलेले. मी तेव्हा शाळेत होते आणि तिला घाबरायचे.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी गावात वेगळ्या कपात चहा प्यायचे दिवस काढले होते. आई शिक्षिका होती, तिला हे पायरीवर बसणं अजिबात सहन होत नसे. "मावशी, आत या बरं. लोक काय म्हणतील, आता आम्हीच माणसं बाहेर बसवायला लागलो?" मावशी जागची हलत नसे. "तुमच्यापायी नाय बसत बाई. माझ्याच हाताला भेते म्या. लेकरांना लागलं तर उततंय."

उतणं म्हणजे काय ते मला लवकरच कळलं. तिच्या पोत्याचा कोपरा एकदा माझ्या पोटरीला घासला. बिब्ब्याचं तेल झिरपून पोतं चिकट झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी पोटरीवर फोड, चौथ्या दिवशी चेहरा सुजून डोळे मिटलेले. मावशीनं लांबूनच आईला तीळ वाटायला लावले, खोबरेल लावायला लावलं, आणि तीन दिवस ती रोज येऊन दाराबाहेरून विचारून गेली. त्यानंतर बिब्बा हा शब्द जरी कानावर पडला तरी माझी पोटरी खाजायची.

मावशी देवगाव रंगारीची. कन्नडच्या पुढच्या डोंगरात थंडीत बिब्बे गळायला लागले की ती आणि तिची सून गोळा करून आणत. हे झाड तेवढ्या डोंगरापुरतंच नाही. सातपुड्यात आहे, विदर्भात आहे, पार हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आहे. जुन्या वैद्यकाच्या ग्रंथांत त्याला भल्लातक म्हणतात. आमच्या शेजारच्या खालाजान भिलावा म्हणायच्या, गावाकडे कुणी बिबा म्हणतं, कुणी बिबवा. मावशी त्याला "दाजी" म्हणायची. "आमचे दाजी लई मानाचे. मान ठेवला तर पोटाला घालतेत, नाय ठेवला तर अंगावर येतेत." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. फळाचा वरचा नारिंगी भाग वाळवून मुलं आवडीनं खातात. त्याच्याखाली लोंबणाऱ्या काळ्या बीचं टरफल मात्र कातडी जाळतं. त्याच तेलानं धोबी कपड्यांवर खुणा करायचे, म्हातारी माणसं तळपायाच्या भेगा भरायची. दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीबरोबर ओवलेला काळा मणी तोच. आणि त्या जाळणाऱ्या टरफलाच्या पोटात असते गोडंबी, बदामाहून मऊ, बाळंतिणीच्या लाडवात हवीच हवी अशी.

पुढे मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागले. परदेशी झाडांवरचं एक चित्रांचं पुस्तक होतं, ते मी एकदा तिला दाखवायला घरी आणलं. युरोपातल्या डोंगरांत चेस्टनट नावाचं झाड असतं, त्याच्या गोड बिया लोक भाजून खातात, दळून पीठ करतात, लाकडाच्या मेढी करतात, असं सगळं वाचून दाखवलं. मावशीनं पान अगदी नाकाशी धरलं. साळिंदरासारख्या काटेरी टरफलाकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "ह्याचं बरंय ताई. काटे दिसतेत तरी. मानूस जपून हात घालंल."

तिचं काम मी एकदाच पाहिलं, तेही दहा पावलं लांबून. अंगणात राखेचा ढीग. हातांना खोबरेल आणि वरून राख. एकेक बिब्बा दगडावर उभा धरायचा आणि वरून लोखंडाचा घाव. घाव तिरका बसला की तेल उडतं. तसंच एकदा उडून तिचा उजवा डोळा गेला होता. फुटलेली बी राखेत घोळायची, आणि मग टरफलाचा कण न् कण सुरीनं खरवडून काढायचा. सून फोडायची, खरवडायचं काम मावशीचं. ते तिनं दुसऱ्या कुणाला कधी दिलं नाही. आणि माल देण्याआधी त्यातल्या पाच गोडंब्या ती गिऱ्हाइकासमोर खायची. "आधी म्या. मला काय झालं तर घेऊ नका." तिच्या त्या पाच गोडंब्यांवर शहरातली आठ घरं डोळे मिटून विश्वास ठेवून होती.

चार वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण छोटी बाळंतपणाला आमच्याकडे आली. मावशीनं सकाळी गोडंबी दिली, पाच खाल्ल्या, आईनं संध्याकाळी लाडू वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीनं लाडू खाल्ला. तासाभरात ओठ सुजले, मग जीभ, मग तिला नीट बोलता येईना. बाळ पंधरा दिवसांचं. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? घरी येऊन आईनं उरलेली गोडंबी पांढऱ्या कागदावर पसरली. बऱ्याच बियांच्या कडेला सुईच्या टोकाएवढे काळे कण चिकटलेले होते. माझ्या डोक्यात एकच आकडा घोळत होता. आठ घरं. थंडीत गोडंबी नेणाऱ्या घरांत बहुतेक बाळंतीण असतेच.

मावशी त्या दिवसांत दुपारी गुलमंडीतल्या एका बोळाच्या तोंडाशी बसायची. मी गेले आणि एका दमात सगळं सांगितलं.

"पर म्या खाल्ल्या की तुमच्यासमोर," ती म्हणाली.

"मावशी, काळं राहिलं होतं. कडेला."

ती सावकाश, जणू स्वतःलाच सांगत असल्यासारखी म्हणाली, "माझी जीभ तर कवाच मेली ताई. चाळीस साल खातेय. दाजी आता मला काय करनार?" आणि लगेच उठली. "पोर कशीय?"

"वाचली."

"मग चला. पयल्यांदा निळं दार."

तिला गिऱ्हाइकांची आडनावं ठाऊक नव्हती, फोन नंबर तर नाहीच. तिला दारं ठाऊक होती. निळं दार, कुत्र्याचं दार, दोन पायऱ्यांचं दार, ज्या दारातली म्हातारी बहिरी आहे ते दार. आता दुरून तिला दार दिसत नव्हतं. ती सांगायची आणि मी शोधायचे. प्रत्येक कडी वाजवण्याआधी मी कान लावायचे, आतून रडण्याचा आवाज येतोय का म्हणून. निळ्या दारात गोडंबी अजून डब्यात होती. दोन पायऱ्यांच्या दारात एका आजोबांच्या ओठाला फोड आला होता आणि ते सकाळपासून तंबाखूला दोष देत होते. बहिरी म्हातारी भांडली. "बावीस वर्षं खातेय, आताच कशी वाईट झाली गं?" मावशी तिच्या कानाशी ओरडली, "तवा डोळे व्हते मला!"

भर बोळात, चार माणसांच्या देखत. तोपर्यंत हे तिनं कुणालाच, मला वाटतं सुनेलाही, सांगितलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सात घरं झाली, आमचं धरून. आठव्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती मंडळी लेकीच्या बाळाच्या बारशाला पैठणला गेली. डिंक-गोडंबीचे लाडू घेऊन." तिच्याकडून नंबर घेऊन मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. रात्रभर लावत होते.

सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही पैठणला निघालो. ती माझ्या शेजारच्या सीटवर, हात पदरात गुंडाळून. बिडकीन मागं पडलं. मग म्हणाली, "ताई, ती पोर लई नाजूक हाय. लगनात पाह्यली व्हती म्या." एवढंच.

लेकीच्या सासरी पैठणी विणत. विचारत विचारत घर सापडलं. दारात मांडव, आत हातमाग बंद ठेवलेला, त्यावर चादर. पाळणा सजत होता. बाळंतीण भिंतीला टेकून बसलेली, चेहरा स्वच्छ, ओठ नीट, आणि समोरच्या ताटलीत लाडू. मावशीनं उंबऱ्यातूनच हाक दिली, "खाऊ नको गं माय!"

सगळं घर थांबलं. सासूबाई पुढं आल्या. मी सांगितलं. त्या हसल्या. "काल दोन खाल्ले तिनं. काय बी झालं नाय. बघा की, कशी टवटवीत हाय." मला वाटलं, झालं, सुटलो. ह्या लाडवांतली गोडंबी बहुधा चांगली निघाली होती. नमस्कार करून परत फिरावं, कुणाचा सण मोडू नये. माझं पाऊल मागं वळलंही होतं.

"सगळे द्या मला," मावशी म्हणाली.

"अहो, चांगलेत म्हनते ना! बारशाच्या दिवशी लाडू परत मागायचे? कसली अवदसा आनली दारात?"

"चांगले असतील. मला दिसत नाय. जे मला दिसत नाय ते म्या लेकराच्या आईच्या पोटात जाऊ देनार नाय." सासूबाई खूप बोलल्या. अपशकुनी म्हणाल्या, वेडी म्हणाल्या. ती मान खाली घालून उभी राहिली, पण हलली नाही. शेवटी बाळंतिणीनंच डबा तिच्यापुढं सरकवला. मावशीनं मागल्या अंगणात चुलीच्या राखेत एकेक लाडू कुस्करला आणि खड्डा करून पुरला.

परतीच्या एसटीत मी न राहवून विचारलं, की इतकी वर्षं हे काम करताना तुम्हाला भीती नाही वाटली?

"रोज वाटायची," ती म्हणाली. "बिब्बा हातात घेतला की वाटायची. ह्या साली सून म्हनाली, सासूबाई, तुमचं काम म्हंजे परत बघायला नको. म्या बी बघितलं नाय. भ्या गेलं ताई, तिथंच चुकलं."

पुढं मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. राहिलेला डोळाही तेलाच्या वाफेनं करपत गेला होता, फार काही होण्यासारखं नव्हतं. बसस्थानकावर तिनं मला पाट्या वाचायला लावल्या. कन्नड, वैजापूर, पुन्हा कन्नड. देवगावची आली तेव्हा दांडा चाचपून ती चढली आणि खिडकीतून म्हणाली, "छोटीला म्हनावं, मावशी चुकली." ती पुन्हा शहरात आली नाही. सुनेनंही ते काम सोडलं. गेल्या महिन्यात सुनेचा फोन आला, की सासूबाई झोपेतच गेल्या.

परवा बाजारात गोडंबी दिसली. मी दुकानाबाहेर उन्हात उभी राहून मूठभर गोडंबी एकेक करून पाहिली. एकीवरही काळा कण नव्हता. दुकानदार हसून म्हणाला, "एकदम साफ माल आहे मॅडम, घ्या की." मी ती होती तशी पोत्यात ठेवली, आणि घरी जाऊन बराच वेळ हात धुतले.