न उघडलेली पत्रिका

नांदूरघाटात माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह तपासते, त्यामुळे कुठलीही फाइल आली की आधी तिच्या नावाचं शेपूट बघायची मला खोड लागली आहे. चकलांब्याच्या मामांच्या नंबरवरून ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल आली, तेव्हाही बघितलं. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलेलं, म्हणून ती तिचीच, असं सगळ्यांनी धरलं होतं. ना फोटो, ना पीडीएफ. एपीके होती, म्हणजे फोनात शिरून बसणारं अख्खं अ‍ॅप. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, कुणीही उघडू नका.

झालं! आमच्याकडे पत्रिका न उघडणं म्हणजे दारातल्या पाहुण्याला पाणी न विचारणं. मामांचा लगेच फोन. आपल्या फोनवरून पत्रिका मुलानेच धाडली, अशी त्यांची समजूत.

"माझ्या लेकीच्या पत्रिकेला तू व्हायरस म्हनतीस? लई शिकलीस!"

"मामा, तुमी त्याआधी दुसऱ्या कुणाची पत्रिका उघडलती का?"

"उघडलती की. पाव्हण्यांची होती. परवानगी मागत गेली, मी देत गेलो. पत्रिकेला न्हाई कसं म्हनावं?"

म्हणजे रोग मामांच्याच फोनात होता आणि तिथून सगळ्यांना वाटला जात होता. तसं सांगितलं, तर त्यांनी फोनच ठेवला.

आगीत तेल ओतायला पुण्याचा मावसभाऊ हजर. "माझ्या आयफोनवर काहीच झालं नाही, उगाच घाबरवू नकोस." अरे शहाण्या, ती फाइल अँड्रॉइडसाठी बनवलेली, तुझ्याकडे उघडेलच कशी? तुझ्यासाठीही कुणीतरी काहीतरी बनवत बसलं असेल. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, त्यात व्हायरस सहसा शिरत नाही, पण म्हणून मी निर्धास्त झोपत नाही.

"माफी माग," आई म्हणाली, "न्हाईतर मामा लग्नाला बोलवायचा न्हाई."

ती मामेबहीण माझ्या कडेवर वाढलेली. तिच्या अंगावर अक्षता टाकायला आपण नसू, या विचाराने मी रडले. पण माफी? कशाची? डोळे पुसले आणि ग्रुपवर पुन्हा लिहिलं, ज्यांनी उघडली त्यांनी इंटरनेट बंद करा आणि फोन घेऊन दुकानात या.

चौथ्या दिवशी मामा स्वतः एसटीने आले. ती फाइल उघडलेल्या त्यांच्या गावातल्या दोघांचं व्हॉट्सअ‍ॅप परक्याच्या हाती गेलं होतं. मामांच्या हातात छापील पत्रिका होती, कोपऱ्याला हळदकुंकू लावलेली.

"ही तरी उघड," ते म्हणाले.

मी हात पुढे केला नाही. "आधी फोन द्या."

दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती. मामांनी बंडीच्या खिशातून फोन काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मगच मी पत्रिका घेतली आणि कपाळाला लावली.