आंब्याला झालेली खरूज

कामठ्याला काकूच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लोणच्याचा आंबा होता. लेकींच्या घरी ती कैऱ्या पाठवायची त्या याच झाडाच्या. दिवाळीला मी वर्तमानपत्रातल्या नोकरीतून सुट्टी काढून गेलो तेव्हा बुंधा कमरेपर्यंत सोललेला होता आणि त्यावर काळं ऑइल फासलेलं होतं. हे काम काकूच्या मुलाचं.

"काऊन खरडलं रे?" मी त्याला विचारलं.

"खरूज झाली होती त्याले. पांढरे चट्टे. बैलाले झाली का आपण खरडून ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावतो ना, तसंच लावलं."

ते चट्टे मी उन्हाळ्यात पाहिले होते. मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्याच जातकुळीतले. ते सालीवर फक्त बसतात. झाडाचं काही खात नाहीत. उजेड, हवा आणि ओल एवढ्यावर जगतात. खरडायची काहीच गरज नव्हती. त्याने विळ्याने पांढरं लाकूड दिसेपर्यंत खरडलं, तेही बुंध्याभोवती पूर्ण गोल. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. ती वाटच बंद झाली.

वरच्या फांदीवर बांडगूळ होतं. ते खरोखर झाडाचा रस ओढतं. त्याला हात लागला नव्हता.

"अन् ते?"

"ते हिरवंगार आहे दादा. चांगलं दिसते. अन् एवढ्या वर कोण चढते?"

मी ओरडलो. तो हसला. "पेपरवाला आता झाडाचा डॉक्टर झाला, पहा!"

काकूने एवढंच विचारलं, "बाबू, झाड वाचते का रे?" मी नाही म्हणालो. ती घरात निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात काकूने कैऱ्या गोंदियाच्या बाजारातून आणल्या. मी पुन्हा गेलो तेव्हा झाडाची पानं फांदीवरच तांबडी होऊन वाळली होती. काकूचा मुलगा गावभर सांगत होता की रोग जुना होता, औषध उशिरा लागलं. लोक माना डोलवत होते. आणि आम्ही अंगणात बसलो असताना तो विळा घेऊन पुढच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाकडे निघाला, कारण त्यावरही चट्टे होते.

मी उठायच्या आत काकू त्याला आडवी गेली. विळा तिने त्याच्या हातातून ओढून घेतला.

"मोहाले हात लावून पाह," ती म्हणाली, "तुह्याच पाठीची साल काढीन."

तो दिवसभर फुगून बसला. मोह उभा आहे, चट्ट्यांसकट.