वन्संनी घातलेली आण

आमच्या वन्सं भिंतींच्या आत कधी झोपल्या नाहीत. नवरा वारल्यावर त्या माहेरी, म्हणजे टोकावड्याजवळ आमच्या घरी आल्या, तेव्हापासून त्यांची गोधडी पडवीत. थंडी असो, पाऊस असो. सासूबाईंनी एकदा आत बोलावलं तर म्हणाल्या, "आत जीव गुदमरतो माझा. मेल्यावर कोंडा काय तो." मेल्यावर कोंडत नाहीत, जाळतात, असं मी म्हणाले. मग दोन दिवस माझ्याशी अबोला.

रानातला झाडपाला त्यांना ठाऊक होता. गावातल्या निम्म्या पोरांचे जुलाब वन्संच्या कुड्याच्या सालीने थांबलेत. तो काढा कडूजहर. पोर रडलं की म्हणत, "रड, पन गिळ." डॉक्टरचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे.

मग त्यांच्याच घशात गाठ निघाली. जन्मभर मिश्री लावलेली, दुसरं काय होणार? मुंबईच्या इस्पितळात किरणांची लाईट द्यायची ठरली. धर्मशाळेच्या खोलीत आम्ही दोघी. खोलीची खिडकी उघडली की समोर दुसरी भिंत. लाईट घेताना मान हलू नये म्हणून वन्संच्या तोंडाच्या मापाची जाळी केली होती. ती तोंडावर बसवून टेबलाला घट्ट अडकवायचे, सगळे बाहेर यायचे आणि जाड दार लागायचं. पहिल्या दिवशी बाहेर आल्या तेव्हा गालांवर जाळीचे वळ.

"मासा केला गो माझा, वयनी," म्हणाल्या.

"मग उद्या नको?"

"नको कशी? ही गाठ मेली पायजे."

लाईटबरोबर एक इंजेक्शनही होतं. डॉक्टरबाईंनी समजावलं. किरणांनी गाठ खिळखिळी होते, आणि इंजेक्शनने आपल्याच अंगातली रोगाशी लढणारी ताकद जागी होऊन गाठीवर तुटून पडते. मात्र कधी कधी ती आपल्याच आतड्यांवर उलटते. जुलाब लागले तर लगेच कळवायचं, घरचं औषध घ्यायचं नाही.

"म्हंजे राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावतो," वन्सं म्हणाल्या. बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

लाईट संपली. इंजेक्शन तेवढं चालू राहिलं, त्यासाठी अधूनमधून मुंबईला जायचं. गाठ बसत चालली. वन्सं पेज सोडून भात खाऊ लागल्या. आणि एका सकाळी मी चुलीवर कुड्याची साल उकळताना पाहिली.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. गप ऱ्हा."

"रक्त पडतंय का?"

"पडतंय थोडं. सांगितलंस तर इंजेक्शन बंद करतील. गाठ आत्ता कुठं दबलीय. माझी आन हाय तुला, वयनी."

आमच्याकडे आण मोडली की जिची आण घातली ती मरते. हे मी लहानपणापासून ऐकलंय आणि शाळेत चौथीपर्यंत कुठल्या बाईने ते खोटं आहे असं सांगितलं नाही. बोलले तर वन्सं आणेने मरणार, गप्प बसले तर आतड्याने. मी तशीच भांडी घासत राहिले. वन्सं काढा पीत राहिल्या. काढ्याने जुलाब थांबेनात. रात्री पडवीतून कण्हणं ऐकू येई.

पुढच्या इंजेक्शनला गेलो. बाईंनी विचारलं, "पोट कसं आहे?"

"झ्याक," वन्सं म्हणाल्या.

"खोटं आहे. रक्त पडतंय," मी म्हणाले.

त्यांना तिथेच ठेवून घेतलं. इंजेक्शन कायमचं बंद केलं आणि जागी केलेली ताकद निजवायला गोळ्या दिल्या. आणखी उशीर झाला असता तर आतडं फाटलं असतं, असं बाई म्हणाल्या. पोट बरं झालं. गाठ काही महिने गप्प होती, मग पुन्हा वाढली.

गाव म्हणालं, वयनीने आण मोडली. एकदा पेज भरवताना वन्संना म्हणाले, "तुमी घातली, तुमीच सोडवा ती आण."

त्यांनी घोट गिळला. गिळायला फार वेळ लागे.

"सोडवली तर तू मोकळी झालीस," म्हणाल्या. "मंग मला भरवायला कोन येल?"

"मीच येईन."

"बघू."

मी रोज पडवीत गेले. त्यांनी आण काही सोडवली नाही, आणि एका दुपारी, पेज गार होत असताना, गेल्या.