परिपाठातून पळणारी स्वरा

"मॅडम, उद्यापासून हिला घरीच ठेवा. हायवेवर गेली तर जबाबदार कोण?"

मुख्याध्यापक फाटकात धापा टाकत उभे होते. त्यांनी सात वर्षांच्या स्वराचं मनगट घट्ट धरलं होतं. वरवंडजवळची शाळा, समोरच पुणे-सोलापूर रस्ता. सकाळचा परिपाठ, म्हणजे प्रार्थना-प्रतिज्ञा सुरू झाली की ही पोरगी फाटकाकडे सुसाट सुटायची. सर वाईट नव्हते, पार घाबरले होते.

मी दौंड तालुक्यातल्या शाळांत फिरणारी विशेष शिक्षिका. ज्या मुलांना शिकायला वेगळी मदत लागते, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी. स्वराला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असल्याचं पुण्यात नुकतंच निदान झालं होतं.

"तुम्ही आल्यापासून तालुक्यात अशी मुलं वाढली बरं का," सर म्हणाले.

"मुलं होतीच, सर. मुलगा असला की आपण त्याला येडा म्हणायचो, मुलगी असली की गरीब गाय. झालं आपलं निदान." माझा पारा चढला की मी कुणाला सोडत नाही. "मला थोडे दिवस द्या. तोवर ती शाळेतच येणार."

दुसऱ्या दिवशी मी परिपाठाला मागे उभी राहिले. घंटा झाली, स्वरा शांत. रांग लागली, तरी शांत. मग माईक सुरू झाला. ओट्यावरचा मिरवणुकीत शोभेल असा स्पीकर गरजला, तशी ती कान दाबून पळाली. काही मुलांना आवाज आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतो. तिचं तेच होतं.

"स्पीकर बंद ठेवा," मी म्हटलं.

सर हळू आवाजात म्हणाले, "तो आबांनी दिलाय. वर नाव रंगवलंय. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, मॅडम."

आबा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, बडे बागायतदार आणि स्वराचे सख्खे आजोबा! मी त्यांनाच बोलावून घेतलं.

"पोरीत काय खोट हाय, ते सांगा," आबा आल्या आल्या म्हणाले.

"खोट नाही, आबा. या स्पीकरचा आवाज तिला कानाशी पत्रा बडवल्यासारखा लागतो. म्हणून पळते."

आबांनी स्पीकरवरून हात फिरवला. मग म्हणाले, "नात शाळंत जायला लागली, त्या आनंदात घेतला व्हता वं म्या."

मला वाईट वाटलं. पण खोटं तरी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी माईकशिवाय परिपाठ झाला. आबा फाटकात कबड्डीपटूसारखे हात पसरून उभे. स्वराने एक कान दाबला, चुळबुळ केली, पण जागची हलली नाही. आबांचे हात तसेच राहिले, डोळे मात्र वाहायला लागले.

समितीत कुरकुर झालीच. "देणगीची वस्तू बंद म्हंजी?" कुणीतरी विचारलं.

"म्या दिलाय, म्याच बंद करतो. झेंडावंदनाला तेवढा लावू, आन् तवा पोरीला आधी सांगू," आबा म्हणाले. विषय संपला.

स्वरा आता दुसरीत आहे. मोठ्याने वाचते, गर्दीत अजून बिचकते, पण फाटकाकडे जात नाही.

रिपोर्टमध्ये ऑटिझम लिहिलेला असतो, स्पीकर लिहिलेला नसतो. तो शोधायला परिपाठाला उभं राहावं लागतं.